एमआयडीसी पट्ट्यातली मनपाची मराठी शाळा आणि तिथल्या मोठ्या बाई (मुख्याध्यापिका) : तीन वर्षांचा अनुभव, पाचपैकी चार

पोरगी पहिलीत होती तेव्हाची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का लिहितोय ते कळेल. वर्गात टीचरने भाकरीचं चित्र दाखवून विचारलं हे काय आहे, आणि आमची बोलली "बाटी". आम्ही बंजारा, मूळचे किनवटकडचे, घरात गोरमाटी बोलतो, भाकरीला बाटी म्हणतो, आईला याडी म्हणतो. म्हणजे पोरगी काही चुकीचं बोललीच नव्हती. शेजारचा मुलगा "रोटी" म्हणला त्याला कोणी हसलं नाही, हिच्यावर अख्खा वर्ग हसला, टीचर पण हसल्या, आणि डायरीत शेरा आला की घरी मुलीशी नीट भाषेत बोलत चला. त्यानंतर दोनेक महिने पोरगी वर्गात तोंड उघडेना आणि घरी आईला याडी म्हणायची बंद झाली, मम्मी म्हणायला लागली. बायकोला ते किती लागलं हे तिने मला खूप उशिरा सांगितलं.

ती शाळा इंग्लिश मीडियमची, खासगी. नाव टाकत नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळेत राखीव ठेवलेल्या २५ टक्के जागांतून नंबर लागला होता, आम्ही विमुक्त जाती अ मध्ये येतो त्यामुळे वंचित गटातून फॉर्म भरला होता, सोडतीत नाव आलं तेव्हा मी कंपनीत पेढे वाटले होते. शाळेची बिल्डिंग चकाचक, ग्राउंड मोठं, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण एक दिवस फॉर्म वाटायचे होते म्हणून वर्गात सांगितलं गेलं "आरटीईवाली मुलं उभी राहा". सहा वर्षांच्या लेकराला त्या दिवशी कळलं की आपण वर्गात वेगळे आहोत. मी प्रिन्सिपलना भेटायला गेलो, पाऊण तास बाहेर बसवलं, आत गेल्यावर ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमचं अॅडमिशन फ्री आहे ना मग अॅडजस्ट करा थोडं. टीचरवर माझा तेवढा राग नाही, तिला चाळीस मुलं आणि तिला कोणी शिकवलंच नसेल की अशा वेळी काय करायचं. पण ज्यांच्या एका शब्दाने हे थांबलं असतं ते म्हणाले अॅडजस्ट करा. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की शाळा म्हणजे शेवटी तिच्या प्रमुखाचं टेबल असतं.

इथे काही लोक म्हणतील मग २५ टक्के काढूनच टाका. अजिबात नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना यातून सूट दिली होती, ते १९ जुलै २०२४ ला मुंबई हायकोर्टाने रद्द केलं, आणि ते बरोबरच झालं. ती जागा आमच्या लेकरांच्या हक्काची आहे. मी सोडली ती त्या एका शाळेतली खुर्ची, हक्क नाही सोडला.

तर २०२३ च्या जूनमध्ये पोरीला दुसरीला मनपाच्या मराठी शाळेत घातलं, पिंपरी-चिंचवडला भोसरी-मोशीच्या पट्ट्यात आहे. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मोठ्या बाईंनीच सांगितलंय की नाव झालं की बघायला पाहुणे येतात आणि पाहुणे आले की त्या दिवशीचं शिकवणं बुडतं. आता पोरगी चौथीत आहे आणि मधली दोन वर्षं मी शाळा व्यवस्थापन समितीवर होतो, त्यामुळे नुसतं बाहेरून नाही, आतलं बघून लिहितोय.

पहिल्या दिवशी टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) नव्हती, जुनी शाळा अडवून बसली होती की आधी अॅक्टिव्हिटी फी भरा. मी घाबरत घाबरत गेलो. बाईंनी पोरीला विचारलं नाव काय, तिने हळू सांगितलं, बाईंनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि तिलाच विचारलं की बरोबर म्हणले का गं. मग मला म्हणाल्या भाऊ, टीसी येईल तेव्हा येईल, आरटीई कायद्यातच आहे की टीसी उशिरा आली म्हणून प्रवेश अडवता येत नाही, उद्यापासून पाठवा. एवढंच. दहा मिनिटांत काम झालं. नंतर समितीवर असताना बघितलं की हे बाई सगळ्यांसाठीच करतात, जन्माचा दाखला नाही, आधार नाही, आई एकटीच आहे, बाप बिगारी कामाला कुठल्या साइटवर आहे ते माहीत नाही, तरी मूल आधी वर्गात बसतं आणि कागद मागून येतात. दुसरीकडे उलटं असतं, आधी कागद मग मूल, आणि कागद जमेपर्यंत आईबापाची साइट बदललेली असते.

शाळेत पोरं कुठली कुठली आहेत ते ऐका. आमच्यासारखी मराठवाड्यातली, विदर्भातली, कलबुर्गीकडून बांधकामाला आलेल्यांची कन्नड बोलणारी, बिहार-यूपीची भोजपुरी बोलणारी, एक-दोन नेपाळी वॉचमनची, पारध्यांची काही, आणि मूळ गावातली पण. मराठी माध्यमाची शाळा आणि निम्म्या पोरांच्या घरात मराठी नाही. कायद्यात लिहिलंय की शक्य असेल तिथपर्यंत शिकवणं मुलाच्या मातृभाषेत असावं, पण एका वर्गात सहा भाषा असतील तर बाई कुठली कुठली बोलणार. त्यावर मोठ्या बाईंनी काय केलं तर प्रत्येक पहिली-दुसरीच्या वर्गात भिंतीवर एक कागद लावला. त्यावर भाकरीचं चित्र. खाली पोरांकडूनच विचारून लिहिलेलं : भाकरी, बाटी, रोटी, रोट्टी. दुसऱ्या कागदावर आई : आई, याडी, माई, अव्वा, अम्मी. पोरीला घ्यायला गेलो होतो तेव्हा दारातून मला तो कागद दिसला, "बाटी" हा शब्द शाळेच्या भिंतीवर, जाड स्केचपेनने, थोडा तिरका लिहिलेला. मी चाळीस वर्षांचा माणूस, तांड्यावरून आश्रमशाळेत गेलो तेव्हापासून गोरमाटी ही घरात बोलायची आणि शाळेत लपवायची भाषा हे डोक्यात पक्कं बसलेलं. मला तिथे उभं राहवेना, बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आलो.

आणि हे नुसतं कौतुकापुरतं नाही. पहिले काही महिने पोरगी गोरमाटीत सांगायची, तिच्याच बेंचवरची थोडी मोठी बंजारा मुलगी मराठीत करून सांगायची, बाई ऐकायच्या आणि मराठी शब्द फळ्यावर लिहायच्या. दिवाळीपर्यंत पोरगी मराठी वाचायला लागली. घरची भाषा पुसून टाकून नाही, तिच्यावर पाय ठेवून वर चढली. याडी पण परत सुरू झालं घरात.

आता तुकड्यांचा विषय, कारण माझ्या मते त्या शाळेतलं सगळ्यात अवघड काम ते होतं. आधीपासूनची पद्धत अशी होती की अ तुकडीत "हुशार" पोरं, म्हणजे खरं तर जी बालवाडीपासून इथेच आहेत, ज्यांचे आईबाप येऊन बोलू शकतात अशांची, आणि ब-क मध्ये नवीन आलेली, स्थलांतरित, झोपडपट्टीतली. कोणी मुद्दाम जातीने पाडल्या नव्हत्या पण यादी वाचली तर आडनावावरून तुकडी ओळखू येत होती. बाईंनी चिठ्ठ्या टाकून तुकड्या पाडायचं ठरवलं. समितीच्या मीटिंगमध्ये जे झालं ते मी विसरणार नाही. एक पालक उठून म्हणाले, आमची मुलं मागे पडतील, त्यांच्यामुळे आमच्यांना शिव्या द्यायची सवय लागेल. दुसरे म्हणाले आम्ही नगरसेवकाकडे जातो. दोन शिक्षक पण गप्प बसून होते, त्यांना पण ते नको होतं, अ तुकडी शिकवायला सोपी असते. बाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी वाचनाची तपासणी केलेले कागद काढले, कोण अक्षर वाचतो, कोण शब्द, कोण परिच्छेद, कोण गोष्ट, आणि दाखवलं की अ तुकडीत पण अकरा पोरं परिच्छेदाला अडकतात आणि क तुकडीत नऊ पोरं गोष्ट वाचतात. मग म्हणाल्या, तुकडी बदलली म्हणून तुमचं मूल मागे पडलं असं दिवाळीत वाटलं तर माझ्याकडे या, आपण परत तपासू. आणि खरंच दिवाळीच्या आधी परत तपासलं, सगळ्यांसमोर.

त्यात एक गोष्ट मला आधी कळली नव्हती ती लिहितो. रोज एक तास मात्र त्या पोरांना वाचायच्या पातळीप्रमाणे वेगळं बसवतात, दुसरी ते चौथीची सगळी मिसळून, ज्याला शब्द येतो तो शब्दवाल्यांत, ज्याला गोष्ट येते तो गोष्टवाल्यांत. मी विचारलं बाई मग हे पण वेगळं बसवणंच झालं की. त्या म्हणाल्या, भाऊ, हा गट दर महिन्याला बदलतो, तुकडी आयुष्यभर चिकटते. आमची आधी शब्दवाल्यांत होती, तिसरीत गोष्टवाल्यांत गेली, तिला कोणी ढ म्हणलं नाही आणि आता कोणी हुशार पण म्हणत नाही.

एक कंपासचा किस्सा. तिसरीच्या वर्गात एकीचा नवीन कंपास हरवला आणि पोरांनी एकदम पारध्याच्या पोराचं दप्तर ओढलं. त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं, फक्त हात तिकडे गेले. वर्गशिक्षकांनी पण अडवलं नाही. मोठ्या बाई व्हरांड्यातून येत होत्या, त्यांनी दप्तर हातातून घेतलं, त्या पोराच्या मांडीवर परत ठेवलं आणि सांगितलं की दप्तर कोणाचंच उघडायचं नाही. कंपास शेवटपर्यंत सापडला नाही. मुलीच्या आईने थोडी कटकट केली, शाळेने तिला दुसरा दिला. मुलांना त्यावर भाषण दिलं नाही. पण शिक्षकांना शाळा सुटल्यावर थांबवलं, आणि त्या वर्षी ३१ ऑगस्टला परिपाठात विमुक्त दिनाची माहिती सांगितली, की इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून कितीतरी जमातींवर, पारध्यांवर पण, जन्मापासूनच गुन्हेगार असा शिक्का मारला होता आणि तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षांनी. माझ्या पिढीला हे शाळेत कोणीच सांगितलं नव्हतं. आम्हाला फक्त आमच्या समाजाचे वसंतराव नाईक अकरा वर्षं मुख्यमंत्री होते एवढं सांगायचे आणि त्यातच खूश व्हायचो.

बाईंचं सगळंच बरोबर असतं असं नाही. पहिल्या वर्षी १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती केली, चांगली गोष्ट, पण आमच्या पोरीला फेटिया-काचळी (आमच्या बायकांचा घागरा-चोळी) घालून स्टेजवर उभं केलं, टाळ्या झाल्या, फोटो झाले, संपलं. बायको घरी येऊन रडली. म्हणाली माझ्या सासूच्या अंगावरचे कपडे आहेत ते, फॅन्सी ड्रेस आहे का. मला वाटलं हे बोलायला नको, एवढं करतात त्या, वाईट वाटेल. पण बायको स्वतः गेली गुरुवारी आणि बोलली. बाईंनी ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि म्हणाल्या, ताई माझं चुकलं, पुढच्या वर्षी तुम्ही सांगा कसं करायचं. पुढच्या वर्षी स्टेज नव्हतंच. बायको आणि वस्तीतल्या दोन बायका वर्गात गेल्या, जुनी काचळी नेली, आरसे कसे बसवतात, कवड्या का लावतात, टाका कसा घालतात ते पोरांना करून दाखवलं, पोरांनी फडक्याच्या तुकड्यावर सुईदोऱ्याने करून बघितलं, मुलांनी पण, फक्त मुलींनी नाही. मग आरसे मोजायचे, ओळीत किती बसले, किती लागतील असं गणित पण तिथल्या तिथे झालं. माझी बायको सातवी शिकलेली. शाळेत तिला खुर्ची दिली आणि पोरं तिला बाई म्हणाली. एका प्रमुखाने चूक कबूल केली म्हणून हे झालं, नाहीतर दरवर्षी फेटिया आणि टाळ्या हेच चालू राहिलं असतं.

वर गुरुवार लिहिलंय त्याचं कारण सांगायचं राहिलं. आमच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी असते. पालकसभा आधी शनिवारी व्हायची, कंपनीतले बाप कधीच नसायचे आणि मग शिक्षक म्हणायचे या पालकांना मुलांची काळजीच नाही. बाईंनी सभा गुरुवारी केली. पहिल्याच सभेत बसायला जागा पुरली नाही. ज्या आया घरकामाला जातात त्यांच्यासाठी दुपारी दोननंतर वेगळी वेळ ठेवली. खर्च शून्य, जीआर लागला नाही, वरून परवानगी लागली नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, वंचित घटकातल्या पालकांना पण त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे हे कायद्यात २००९ पासून आहे, पण मीटिंग कधी ठेवता यावरच ठरतं की त्या बायका फक्त सहीपुरत्या आहेत की खरंच येऊन बसतात.

खिचडीच्या रांगेबद्दल पण थोडं. वाढायला रोज वेगळी चार पोरं, पाळी लावलेली, कुठल्याही घरातली. आणि मोठ्या बाई त्याच रांगेत ताट घेऊन उभ्या राहतात, आठवड्यातून दोन-तीनदा तरी. एका घरातून पोराला सांगून पाठवलं होतं की अमक्याच्या हातचं खायचं नाही. बाईंनी त्या पोराला काही म्हणलं नाही, त्याच्या आजीला बोलावून घेतलं आणि दोघी एकत्र जेवल्या, वाढायला तोच अमका होता. आजी पुढे येत राहिली का माहीत नाही, पण पोरगा जेवायला लागला.

जी पोरं मधेच गावी जातात, दसऱ्यानंतर ऊसतोडीला किंवा दुसऱ्या शहरात साइटवर, त्यांचं नाव बाई कमी करत नाहीत. जाताना शिक्षण हमी पत्रक हातात देतात, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याच वर्गात बसवून घेतात, आणि ज्या वर्गशिक्षकांचं ते पोर आहे त्यांनी महिन्यातून एकदा तरी फोन लावायचा. सगळी परत येतात असं नाही. मागच्या वर्षी गेलेल्यांपैकी तीन अजून आली नाहीत. त्यांची नावं ऑफिसच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहिलेली आहेत, पुसायची नाहीत असं शिपाई मामांना सांगितलंय.

आता एक स्टार का कमी. आमच्या पोरीच्या वर्गात ५८ मुलं आहेत, कायद्यात प्राथमिकला ३० मागे एक शिक्षक आहे. शिक्षक कमी आणि त्यातले पण मतदारयादीच्या कामाला ओढले जातात. इंग्रजी कच्चं आहे, हे खरं आहे आणि त्याची मला काळजी वाटते, पाचवीनंतर त्रास होणार, मी संध्याकाळी घरी थोडं घेतो. कॉम्प्युटर रूमला कुलूप असतं बऱ्याचदा. एक शिक्षक अजून पण बोलता बोलता "तुमच्या तांड्याकडचं" असं म्हणून जातात, बाईंनी दोनदा समज दिलीय, पूर्ण सुधारलेलं नाही. आणि मोठी काळजी वेगळीच आहे, बाई दोन वर्षांत रिटायर होणार. आम्ही समितीत ठरवून घेतलंय आणि ठरावाच्या वहीत लिहून सह्या केल्यात, की तुकड्या चिठ्ठ्या टाकूनच पडतील, सभा गुरुवारीच होईल आणि टीसीसाठी मूल बाहेर उभं राहणार नाही. नवीन मुख्याध्यापक कोणीही आले तरी ती वही त्यांच्यासमोर ठेवणार. ज्यांना प्रमुख म्हणून बसवतात त्यांना रजिस्टर कसं भरायचं हे शिकवतात, पण समोर सहा भाषांची पोरं आणि दहा जातींचे पालक आल्यावर काय करायचं हे बाई स्वतःच शिकल्या, पंचवीस-तीस वर्षं चुकत चुकत, असं त्या स्वतः सांगतात. पुढच्या माणसाला पहिल्यापासून चुकत बसायला लागू नये असं वाटतं.

तुम्ही या भागात नवीन आला असाल आणि मुलासाठी शाळा बघत असाल तर कुठल्याही शाळेत जा, पण तीन गोष्टी बघा. ऑफिसबाहेर किती वेळ बसवतात ते बघा. तुकड्या कशा पाडतात ते विचारा. आणि प्रमुखांना तुमच्या मुलाचं नाव म्हणायला सांगा, आणि चुकलं तर ते मुलाला विचारतात का ते बघा. आमच्या शाळेत यायचं असेल तर गुरुवारी या, बरोबर जो कागद असेल तो आणा, नसेल तर नुसतं मूल आणा. गेटवर मामा असतात, त्यांना सांगा मोठ्या बाईंना भेटायचंय.